सांग तुझ्या दाजींना

दाजींच्या तोंडून कुठल्याही गोष्टीचं कौतुक सहजासहजी बाहेर पडत नसे. फौजेत असताना ताजमहाल बघून आले, तेव्हा आम्ही सगळे मोठ्या आशेनं भोवती बसलो होतो. ते म्हणाले, "ह्याच्यात काय हाय? फरशी." पाचगणीला मी त्यांना मलई घालून स्ट्रॉबेरी खायला दिल्या. दोन खाल्ल्या, तिसरी बोटांत धरून उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "ह्याच्यात काय हाय? चिच्चा ह्याच्यापरीस बऱ्या, आन फुकट." माझ्या मुलीच्या लग्नातल्या जिलब्यांनाही त्यांनी हेच सुनावलं आणि वाढप्याला परत बोलावून घेतलं. खालचा ओठ जरा पुढं काढून ते हे असं काही म्हणत, की वस्तूपेक्षा वस्तू दाखवणाराच ओशाळून जाई. मी तर कितीदा ओशाळलो, त्याला गणती नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. पलूसकडचं नदीकाठचं गाव, बारमाही ऊस आणि फौजेतली नोकरी. फौजेत त्यांनी ट्रक चालवले. लेहच्या बर्फातून चालवले, राजस्थानच्या वाळूतून चालवले आणि सुभेदार होऊन घरी आले. आम्ही वाईची माणसं. मी साताऱ्याला पाटबंधारे खात्याच्या कचेरीत कारकून होतो आणि दाजींच्या मते कारकून म्हणजे निम्मा माणूस. त्यांच्या घरी गेलो की ते हाक देत, "आमच्या क्लार्कसायबाला खुर्ची द्या. जमिनीवर बसायची ताकद न्हाई त्यांच्यात." मीही त्यांना निम्माच माणूस समजत होतो. राहिलेला निम्मा ट्रक होता.

त्यांना सगळ्यात मोठा गर्व होता तो पाणी ओळखण्याचा. नदीकाठच्या गावांत पूर आला की पाण्याच्या कडेला काठी रोवून ठेवतात. काठी बुडाली की गाठोडी बांधायची आणि कोरडी पडली की चहा टाकायचा. दाजी काठीऐवजी उसाचं कांडं रोवत. का, तर काठीला पाणी कळत नाही, उसाला कळतं. या शास्त्राला आधार काय, असं विचारण्याची गावात कुणाची छाती नव्हती. सुभेदार कांड्याकडं बघून "उतरतंय" म्हणाले की आळी निर्धास्त होई. बरीच वर्षं ते बरोबर ठरले, हेच पुढं सगळ्यांना महागात पडलं.

त्या मोठ्या पुराच्या वेळी मी कचेरीतून दाजींना फोन केला. वर धरणातून पाणी सोडलंय, सकाळपर्यंत तुमच्याकडं पोचेल, जनावरं सोडा आणि वरच्या माळावर जा, असं सांगितलं. दाजी तेव्हा कांड्याजवळच उभे होते. "क्लार्कसायेब, तुमचं पानी फायलीत असंल," ते म्हणाले. "हितलं उतरतंय. कांडं कोरडं पडलंय." शेजारून अक्का काहीतरी बोलत होती, ते मला फोनवर ऐकू आलं. ती जनावरं सोडू या म्हणत होती. दाजी तिला म्हणाले, "बांधून ऱ्हाऊ दे. सोडून कुटं हुडकायची?"

पहाटे पाणी आलं ते थेट उंबऱ्यावर. माणसं होडीतून निघाली आणि अक्काची चांदी दाव्याला बांधलेलीच राहिली. अक्काच्या लग्नात आमच्या वडिलांनी एक गाय दिली होती. चांदी ही तिच्या वंशातली शेवटची. पाणी उतरल्यावर अक्का गोठ्यात गेली, चांदीच्या गळ्यातलं दावं तिनं स्वतःच्या हातानं कापलं आणि ती बाहेर आली. त्या दिवसापासून ती दाजींशी बोलली नाही.

मला वाटलं, महिनाभर चालेल. वर्षं गेली. चहा वेळेवर, भाकरी वेळेवर, रक्तदाबाची गोळी वेळेवर, शब्द मात्र एक नाही. बोलायचंच झालं तर मध्ये कुणीतरी लागे आणि मुलगा पुण्यात असल्यामुळं तो कुणीतरी म्हणजे मी. अक्का फोन लावी, आवाज मोठा करून मधल्या पाटावर ठेवी आणि म्हणे, "सांग तुझ्या दाजींना, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय." पलीकडच्या खाटेवरून दाजी गरजत, "सांग तुज्या अक्काला, त्या डॉक्टरनं आदी आळणी आमटी वरपून दावावी." त्यावर अक्का मला विचारी, "काय म्हणाले?" तिला सगळं ऐकू आलेलं असे. तरी मी ते पुन्हा सांगितल्याशिवाय ती ते ऐकल्याचं मानत नसे. हातभर अंतरावर बसलेली दोन माणसं आणि त्यांच्यातला निरोप्या साताऱ्याला. नोकरीत मी इतका राबलो नसेन.

खरं तर एका शब्दात हे सगळं मिटलं असतं. "चुकलं" एवढंच म्हणायचं होतं. पण तो शब्द फौजेत शिकवत नसावेत. दाजींनी नवी गाय आणून दारात बांधली, अक्कानं ती शेजारणीला देऊन टाकली. त्यांनी गोठा सिमेंटचा केला, तिनं तिथं सरपण रचलं. माणूस गोठा बांधून देतो पण दोन शब्द देत नाही, याला काय म्हणावं, ते मी तेव्हा त्यांच्या तोंडावर म्हटलंही होतं. ते म्हणाले, "तू फायली बग."

मग दाजींनी बस घेतली. पाचगणीच्या कुठल्याशा शाळेनं मोडीत काढलेली पिवळी बस. मुलानं त्यांना फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता, त्यात एक हसतमुख जोडपं घरासारख्या सजवलेल्या गाडीतून समुद्राकाठानं हिंडत होतं आणि गाडीच्या दारात बसून कॉफी पीत होतं. दाजींनी तो बघून "ह्याच्यात काय हाय?" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ते मलकापूरच्या एका गॅरेजात जाऊन बसले. बसमध्ये झोपायला फळ्या आल्या, गॅसची शेगडी आली, पाण्याची टाकी आली. संडासही आला. त्याचं दार उघडायचं तर शेगडी विझवून बाजूला सारावी लागे. वरून सगळीकडं फौजी हिरवा रंग फासला. दाजी तिला "क्याराव्हान" म्हणत. मी बघायला गेलो आणि मला इतकं हसू आलं की गॅरेजवाल्यानं मला पाणी दिलं.

ही उचापत कशासाठी चालली होती, ते मला लगेच कळलं. अक्कानं समुद्र बघितलेला नव्हता. लग्न ठरलं तेव्हा ती आईला म्हणाली होती, "फौजेतला नवरा आहे, समुद्र तरी दाखवेल." फौजेनं दाजींना जिथं समुद्र नाही अशा सगळ्या जागी नेलं. निवृत्त झाल्यावर ऊस आला. आता साठी ओलांडल्यावर या गृहस्थांचा बेत असा, की बायकोला चार दिवस पत्र्याच्या डब्यात घालून समुद्राकाठचे किल्ले दाखवायचे, म्हणजे ती कधीतरी तोंड उघडेल. अक्का यायला तयार झाली, पण एका अटीवर. मी बरोबर पाहिजे. निरोप कोण सांगणार? मी नाही म्हणेन, या भीतीनं माझ्या बायकोनं माझी पिशवी आधीच भरून ठेवली होती.

गगनबावड्याचा घाट दाजींनी असा उतरवला की मागं पातेली आणि आम्ही एकाच वेळी घरंगळत होतो. "सांग तुझ्या दाजींना," अक्का खिडकीचा गज धरून म्हणाली, "मागं माणसं आहेत, उसाच्या मोळ्या नाहीत." दाजी समोर बघतच म्हणाले, "सांग तिला, मोळ्या गप बसत्यात." खाली उतरल्यावर आमच्यासारखीच, पण पांढरी आणि चकचकीत अशी एक गाडी भेटली. तिच्यातलं तरुण जोडपं किल्ल्याकडं पाठ करून स्वतःचेच व्हिडिओ काढत होतं. त्यांना बघून दाजींनी ओठ पुढं काढला आणि मीही काढला. एवढ्या वर्षांत आमचं एकमत झाल्याचा तो पहिलाच प्रसंग.

दाजींनी किल्ल्यांना मोडीत काढलं. एका बुरुजावर तोफेची जागा चुकलीय म्हणाले, दुसऱ्याचा दरवाजा अरुंद निघाला. समुद्राबद्दल विचारलं तर म्हणाले, "ह्याच्यात काय हाय? खारं पानी. शेताला बी चालत न्हाई." फक्त एका जलदुर्गात त्यांचा ओठ पुढं आला नाही. चारी बाजूंनी समुद्र आणि आत गोड्या पाण्याची विहीर. दाजींनी ओंजळभर पाणी पिऊन बघितलं, पुन्हा प्यायले आणि मला म्हणाले, "सांग तिला, पिऊन बग म्हणावं. हे ज्यानं हुडकलं त्यो मानूस शाना." अक्का प्यायली. दोघंही विहिरीच्या काठाशी बराच वेळ उभी होती, एकमेकांकडं न बघता. मला वाटलं, आता बोलतील. बोलली नाहीत. मलाच चिडल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी देवगडच्या पुढं एका लहानशा किनाऱ्यावर आलो. सुक्या मऊ वाळूत अक्काचे गुडघे बोलायला लागले. चार पावलं टाकून ती थांबली. समुद्र पार खाली, आणि ती वर. दाजींनी ते बघितलं. बसमधून उसाचं कांडं काढलं, पाण्याच्या कडेला जाऊन रोवलं आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभे राहिले. थोड्या वेळानं पाणी कांड्यापासून चांगलं लांब गेलं. "उतरतंय," दाजी म्हणाले आणि बस चालू करून खाली ओल्या, टणक वाळूवर नेऊन उभी केली. मागच्या दारातून पाय टाकला की दोन पावलांवर पाणी. अक्काला चालायला नको, एवढ्यासाठी हे होतं. तसं त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं ते असं, "हितं जमीन घट हाय."

कांडं बघून अक्काचा चेहरा उतरला. वर शहाळी विकायला बसलेल्या म्हातारीनं ओरडून सांगितलं, "गाडी वर घेवा, पानी येतला." दाजी तिला म्हणाले, "आवं मावशी, आमी किष्णाकाठची मानसं. पानी आमाला शिकवू नका." मी भीत भीत भरतीचा विषय काढला. दाजींनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "भरती पुनवेला असती रं. आज अष्टमी हाय." हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं, की पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेला मी, मलाही ते खरं वाटलं. पुराचं पाणी एकदा उतरायला लागलं की उतरतच जातं, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. दिवसातून दोनदा परत येणारं पाणी आमच्या हिशेबातच नव्हतं.

जेवण झालं. दाजी आतल्या फळीवर आडवे झाले, अक्का पाण्यात पाय सोडून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली आणि मी गावात कोकमाची सोलं आणायला गेलो. पुढचं काही अक्कानं नंतर सांगितलं. पाणी पायाला जास्त लागायला लागलं तशी तिनं खुर्ची मागं घेतली. पुन्हा घेतली. कांडं कधीच बुडून गेलं होतं. वळून बघितलं तर बसच्या चाकाखालची वाळू सुटत होती आणि पाणी पायरीला लागत होतं. तिनं वर रस्त्याकडं बघितलं, मी कुठं दिसतोय का ते. मी सोलांचा भाव करत होतो.

परत आलो तेव्हा मागचं एक चाक अर्धं रुतलेलं होतं आणि माझी बहीण, जी गुडघ्यांमुळं देवळाची पायरी चढत नाही, ती पातळाचा काष्टा खोचून मांडीभर पाण्यात उभी राहून दोन्ही तळव्यांनी बसचा पत्रा बडवत होती. "आवं, उठा. पाणी आलंय," ती ओरडत होती. "ऐकताय का? चांदीला बांधून मारलंत, आता स्वतःला बांधून घेतलंय काय? उठा म्हणते ना मी." आतून काहीच हालचाल दिसेना. तिचा आवाज फाटला. "आवं, मी बोलतेय. मी."

दार उघडलं. दाजी पायरीवर उभे होते, टोपी घालून. "आलो," ते म्हणाले. बस्स, एवढंच.

बस दाजींनी बाहेर काढली नाही, कोळ्यांनी काढली. दोर बांधून, आरोळ्या देत, जाळं ओढावं तशी ओढली. शहाळीवाली म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती आणि दाजींनी ते हसू मुकाट्यानं खाल्लं. इंजिनात खारं पाणी गेलेलं. बस सुक्या वाळूवर निथळत उभी, तिच्या शेजारी खुर्चीवर अक्का निथळत बसलेली आणि दाजी खाली वाळूत. कोळी पांगल्यावर ते मला म्हणाले, "सांग तुज्या अक्काला. चुकलं म्हणावं." मग पुढं म्हणाले, "आजचं न्हाई. तवाचं."

मी तोंड उघडणार, एवढ्यात अक्का म्हणाली, "मी इथंच बसलेय. मला ऐकू येतं."

मग दाजी वळले आणि तेच तिला म्हणाले. ते कसं म्हणाले, ते मी ऐकलं नाही. मी उठून लांब गेलो आणि समुद्राकडं बघत राहिलो, ज्याच्यात खरोखरच बघण्यासारखं काही नव्हतं.

बस टोचन करून परत निघालो. ओढणाऱ्या ट्रकमध्ये अक्का डुलक्या घेत होती. दाजी हळूच मला म्हणाले, "पानी चाकाला लागलं तवाच मी जागा झालतो." मी विचारलं, "मग उठला का नाही?" ते म्हणाले, "ती हाक मारती का बगत हुतो." मी म्हटलं, "आणि मारली नसती तर?" दाजींनी ओठ पुढं काढला. "बुडली असती गाडी. ह्याच्यात काय हाय?"

हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांचे डोळे पाणावले. माझे नाही पाणावले. दोन शब्द बोलायला लागू नयेत म्हणून जो माणूस अख्खी बस पाण्यात घालतो आणि आत टोपी घालून हाकेची वाट बघतो, तो गाढव असतो. मी त्यांना तिथंच तसं सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं नाही. पण त्या गाढवाची आठवण आली की मला जेवण जात नाही, हेही तितकंच खरं.

खाऱ्या पाण्यानं बस खाल्ली. पुन्हा ती चालली नाही. दाजींनी ती ट्रॅक्टरनं ओढत पलूस रस्त्याकडच्या उंच माळावर नेऊन ठेवली, जिथं नदी कधी चढलेली नाही. तिच्या शेजारी पत्र्याची छपरी घातली, दावण केली आणि एका हिसक्यात सुटेल अशा गाठीची दावी करून ठेवली. मग शेजारणीकडून ती देऊन टाकलेली गाय परत मागून आणली. या वेळी अक्कानं तिला ठेवून घेतलं. दोघं दिवसभर भांडत, समोरासमोर, माझ्याशिवाय. मला फोन येईनासे झाले. इतकी वर्षं ज्या कामाला मी शिव्या घातल्या ते गेलं, तर घरात करमेना.

मागच्या थंडीत दाजी उसाला पाणी देऊन आले, चहाचा घोट घेऊन "ह्याच्यात साकर हाय का?" म्हणाले आणि बसल्या जागी कलंडले. अक्कानं साखर घातली होती. हे तिनं येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

यंदा नदी फुगली तेव्हा अक्कानं कुणाला विचारलं नाही की कांडं रोवलं नाही. पहिल्याच दिवशी गाय घेऊन माळावरच्या बसमध्ये जाऊन राहिली. मी साताऱ्याहून पोचलो तेव्हा पाणी गावात शिरून परत फिरलं होतं. माळावरून खाली चिखलातली घरं दिसत होती. बसला जागोजाग गंज चढलेला, पण आत शेगडीवर चहा उकळत होता आणि चालकाच्या खुर्चीवर दाजींची टोपी ठेवलेली होती.

अक्का दारात बसून खाली नदीकडं बघत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "सांग तुझ्या दाजींना, पाणी उतरलं म्हणावं."

मी तिच्याकडं बघितलं. ती थट्टा करत नव्हती. मी उठलो, चालकाच्या खुर्चीजवळ गेलो, आणि एका रिकाम्या टोपीशी आपण काय बोलतोय याची लाज वाटत असतानाही चांगल्या मोठ्या आवाजात म्हणालो, "दाजी, पाणी उतरलं."

"काय म्हणाले?" अक्कानं विचारलं.

मी सांगितलं, "म्हणाले, ह्याच्यात काय हाय?"

"तेच म्हणणार," अक्का म्हणाली आणि गाईला पाणी दाखवायला उठली.